पाच सर्व्हर आणि एक जूनची माणसं

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की आमच्याकडची हवा दिसायला लागते. एरवी हवा ती हवाच, तिच्याकडं कोण बघतो. पण या दिवसांत ती पिवळसर होते, जराशी खरखरीत, उन्हात तरंगत राहते. नांदेडहून लातूरकडं निघालात की लोहा मागं पडल्यावर दोन्ही अंगांनी मळणी यंत्रांची घरघर सुरू होते, भुसा रस्त्यावर येतो, आणि एसटीची जी खिडकी बंद होत नाही ती हमखास माझ्याच वाट्याला आलेली असते. अहमदपूर येईपर्यंत माझ्या भुवया पिकतात. म्हणजे आहेत त्याहून जास्त पिकतात.

पूर्वी हा वास आला की मला दिवाळी आठवायची. पोत्यांवर लोळणं, पायाला टोचणारी धसकटं, मातीच्या चुलीवर तापणारं पाणी. आता डेटाबेस आठवतो. पन्नाशी ओलांडली की माणसाच्या डोक्यातल्या तारांचं असं होतं. कुठली कुठं जोडली जाईल याचा नेम राहत नाही. यंदाही वास आला, ऑफिसखालच्या दुकानात कुणीतरी पोतं झटकलं, आणि मला ते वर्ष आठवलं.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं फार मनावर घेतलं जाणार नाही. मी मूळ नायगावकडच्या एका खेड्यातला. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालो, पुण्यात बरीच वर्षं घालवली, आणि मग आपल्या भागासाठी काहीतरी करावं, या आजारानं नांदेडला परत आलो. या आजाराला इलाज नाही, तो आपोआप उतरतो. ऑफिस बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यातून औषधांचा उग्र वास वर येतो, त्यामुळं आलेलं गिऱ्हाईक आधी शिंकतं आणि मग बोलतं. नातेवाइकांत मी 'कंप्युटरवाला'. कुणाचा मिक्सर जळाला तरी फोन मला येतो. मी जातो, मिक्सरकडं गंभीरपणे बघतो, आणि नवीन घ्या म्हणून सांगतो.

माझी थोरली बहीण, आक्का, अहमदपूरला असते. तिच्या तोंडाला गल्लीत कुणी लागत नसे. दाजी तर लग्नानंतर बोलायचेच थांबले असं ती स्वतःच सांगायची. दाजी गेले, आणि मग एका सकाळी आक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आवाज होता. पण शब्दांची हाडं कुणीतरी काढून घेतल्यासारखा तो नुसता बाहेर यायचा, ओला, लांबट. डॉक्टरांना कळायचा नाही, मला कळायचा नाही. कळायचा फक्त तिच्या मुलीला, पल्लवीला.

पल्लवी पुण्यात चांगल्या नोकरीत होती. तिच्या कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं, घरून काम बंद केलं. आईला पुण्याला नेऊन पाहिलं, तर तिथल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आक्का जेवायचीच थांबली. नांदेडला माझ्याकडं ये म्हटलं, तर डावा हात जोरात हलवला. तो एक शब्द तिनं शाबूत ठेवला होता. शेवटी पल्लवी नोकरी सोडून आली आणि माझ्या ऑफिसात काम करू लागली. आठवड्यातले काही दिवस एसटीनं नांदेडला, बाकीचे दिवस आईच्या खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन. तिच्यासारख्या पोरीचा पगार माझ्या ऑफिसाला झेपावा असं एकच मोठं काम त्या वर्षी नजरेत होतं. ते मिळालं तर पल्लवी अहमदपूरला राहणार होती. नाही मिळालं तर पुणे. इतकं सरळ होतं ते. आम्हा तिघांपैकी कुणीही ते कधी मोठ्यानं बोललं नाही.

काम असं. सोयाबीन खरेदी केंद्रांवर माल घालायचा तर शेतकऱ्यानं आधी नोंदणी करायची, मग त्याला कोणत्या दिवशी यायचं त्याचा निरोप जाणार. लातूरची एक संस्था हे सगळं मोबाईलवर आणणार होती. संस्थेचं नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. अडचण एकच. नोंदणी ज्या सकाळी उघडते त्या सकाळी सगळा मुलूख एकदम बोट दाबतो. एका यंत्रावर सगळ्या नोंदी ठेवल्या तर ते यंत्र बसतं. म्हणून नोंदी पाच यंत्रांवर वाटून ठेवायच्या, प्रत्येक नोंदीची नक्कल दुसऱ्या यंत्रावर ठेवायची, म्हणजे एखादं मेलं तरी माणूस हरवत नाही. यंत्रं आपली नाहीतच, कुठंतरी लांब थंड खोलीत भाड्यानं उभी. असा वाटून ठेवणारा डेटाबेस निवडायचा, त्याच्यावर आधी खोटा भार टाकून बघायचा, मग लातूरच्या मंडळींना दाखवायचं.

पहिली बैठक लातूरला झाली. टेबलाभोवती आम्ही चौघं. संस्थेचे सचिव, त्यांचे मदतनीस, मी आणि पल्लवी. प्रश्न होता, कुणाची नोंद कोणत्या यंत्रावर ठेवायची हे कशावरून ठरवायचं? मोबाईल नंबरवरून म्हणावं, तर आमच्याकडं सिमकार्ड बनियनसारखं बदलतात. नावावरून म्हणावं, तर एकेका गावात ढिगानं बालाजी.

"माणूस समदं इसरतो," सचिव म्हणाले, "पण शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख न्हाई इसरत. साल मागंपुढं करंल, पण दिवस-महिना पाठ असतो."

मला ते एकदम पटलं. जन्मतारखा कशा वर्षभर पसरलेल्या असतात, भार पाचही यंत्रांवर कसा भाकरीसारखा सारखा थापला जाईल, हे मी तिथल्या तिथं कागदावर काढून दाखवलं. मदतनीस मान हलवत होते. सचिव मान हलवत होते. मीही माझ्याच बोलण्यावर मान हलवत होतो. पल्लवी जन्मली लातूरच्या दवाखान्यात, तिची तारीख खरी. तिला शंका यायचं कारणच नव्हतं. आम्हा तिघांना मात्र होतं. त्याच्याबद्दल पुढं.

मग सुरू झाले ते खोट्या माणसांचे दिवस.

भार टाकायचा म्हणजे काय, तर खोटे शेतकरी तयार करायचे आणि त्यांना एकदम दारावर सोडायचं. पल्लवीनं ते तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यात नावं, गावं, जन्मतारखा आपोआप पडायच्या, पत्त्यांसारख्या पिसून. दुपारच्या त्या भगभगीत उन्हात, खाली दुकानात खऱ्या माणसांची खताच्या पोत्यांवरून हुज्जत चाललेली असताना, वर आमच्या पडद्यावर गावंच्या गावं जन्माला यायची. त्यांना तहान लागत नसे. त्यांच्यातलं कुणी मध्येच गोठ्याकडं जात नसे. कुणाची म्हातारी आजारी नसे. बोट दाबायचं आणि नोंद झाली की विरून जायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. त्यांची नावं वाचत बसायचा मला छंद लागला. त्यांत एक आमच्या वडिलांच्या नावाचा निघाला, गाव मात्र भलतंच, जन्म डिसेंबरचा. मी पल्लवीला म्हटलं, "आजोबा आले बघ नोंदणीला."

"त्यांना म्हणावं, रांगेत या," ती म्हणाली.

या कामात एक गोष्ट शिकलो. भार वाढला की यंत्र धाडकन पडत नाही. आधी ते उत्तर द्यायला उशीर लावतं. प्रश्न जातो, आणि क्षणभर काहीच येत नाही. मग जरा जास्त वेळ येत नाही. पडद्यावर ती रेघ हळूहळू वर चढत जाते. आम्ही तिच्याकडं तापमापीकडं बघतात तसं बघायचो.

दोन डेटाबेस होते निवडीला. पहिला भार वाढताच धापा टाकू लागला, तो आम्ही काढून टाकला. दुसऱ्याची रेघ चढली नाही. पाच यंत्रं, पाच रेघा, गादीवर झोपलेल्या भावंडांसारख्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून. पल्लवी त्या दिवशी अहमदपूरला घरून काम करत होती. तिनं फोन केला. "मामा, एक मशीन मुद्दाम पाडू का? बाकीचे सांभाळतात का बघू."

"पाड."

मागून आक्काचा लांबट आवाज आला. पल्लवी खुदकन हसली. "आई विचारायलीय, पाडलं तर भरून कोण देणार? दिग्याला, म्हणजे तुम्हाला, सवय हाय म्हणं, लहानपणी कपाट पाडलं होतं."

कपाटाची गोष्ट खरी आहे, ती इथं सांगायची नाही. पण मला त्या दुपारी जे बरं वाटलं ते यंत्राचं नव्हतं. पाडलेल्या यंत्राचं काम बाकीच्या चौघांनी बिनतक्रार उचललं, ते झालंच. पण आक्का मला टोमणा मारू शकते आहे, तिचं ते जुनं तोंड आत शाबूत आहे आणि पल्लवीच्या तोंडानं बाहेर येतं आहे, हे किती मोठं होतं. माझी बहीण तेव्हा दोन ठिकाणी ठेवलेली होती, आणि त्यातलं एक ठिकाण म्हणजे ती पोरगी.

रंगीत तालीम अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ठरली. सचिवांचा आग्रह होता की खोटी माणसं पुरे झाली, आता खरी बोलवू. संस्थेच्या जुन्या सभासदांच्या नोंदी आम्ही यंत्रांवर चढवल्या. निरोप गेले. सकाळी मोंढ्यात ही गर्दी. पागोटी, टोप्या, मोबाईल कमरेच्या कडोशीला, काही जण माल घेऊनच आलेले, त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. संस्थेची वरची मंडळी लातूरहून गाडीनं आली आणि आमच्या टेबलाच्या मागं खुर्च्या टाकून बसली. आम्ही सुरू म्हटलं. सगळ्यांनी बोट दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरायला लागला.

पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. "सायेब, हे काय फिरायलंय?"

"नोंद शोधायलंय, काका."

"आवं मी हितं उभा हाव की! मला कामून शोधायलंय?"

मागं हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "गेल्या साली गडी हातानं लिव्हायचा, त्याचं बोट तरी हलताना दिसायचं." परत हशा. मी पण हसलो. माणूस बुडताना हातपाय मारतो, मी हसतो. ज्याची त्याची पद्धत. खुर्च्यांवरून कुणीतरी घसा खाकरला.

पल्लवीच्या समोर पाच रेघा होत्या. चार आडव्या, जमिनीला टेकलेल्या. पाचवी ताठ उभी, छताला लागलेली. एकाच भावाला औताला जुंपून बाकीचे चौघं पारावर बसावेत तशी. "मामा, चार मशीन झोपल्यात," ती दबक्या आवाजात म्हणाली. "एकच मरायलंय. सगळे त्याच्याच दारात जायलेत."

"तारखा बघ."

तिनं बघितल्या. मग परत वरपासून खालपर्यंत बघितल्या.

"मामा, ही सगळी माणसं एकाच दिवशी कशी काय जन्मली?"

"कोणत्या?" मी विचारलं, पण विचारतानाच मला कळलं होतं.

"एक जून."

माझीही तीच आहे. दाखल्यावर, पॅनकार्डावर, पासपोर्टावर. मला शाळेत घालायला वडिलांनी नेलं तेव्हा गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. बोटं कानाला लागली, म्हणजे पोरगं सहा वर्षांचं झालं. जन्म कधीचा, असं त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "उडदाच्या काढणीत झालाय." उडदाची काढणी गुरुजींच्या रकान्यात बसत नव्हती. त्यांनी एक जून लिहिलं. माझ्या आधीच्या पोराचं तेच लिहिलं होतं, नंतरच्याचंही तेच. शाळा जूनमध्ये उघडायची, हिशेब सोपा पडायचा. गावोगावच्या गुरुजींनी वर्षानुवर्षं हेच केलं. आमच्याकडच्या माझ्या वयाच्या आणि त्यावरच्या माणसांचा मुलूखच्या मुलूख एका तारखेला जन्मला. दर वर्षी त्या दिवशी बँक मला शुभेच्छा पाठवते, मोबाईल कंपनी पाठवते, आणि घरात कुणी काही म्हणत नाही, कारण घरात सगळ्यांना ठाऊक आहे की मी तेव्हा जन्मलेलो नाही.

आणि हे मी लातूरच्या त्या टेबलावर विसरलो होतो. सचिव विसरले होते. मदतनीस विसरले होते. आम्ही तिघं एक जूनवाले, तारखा वर्षभर कशा छान पसरलेल्या असतात यावर माना हलवत होतो. पुण्यातल्या कुणी ही चूक केली असती तर आम्ही त्याला हसलो असतो. त्याला आपल्याकडचं काय ठाऊक, असं म्हणालो असतो.

मी सचिवांना कानात सांगितलं. ते मोठ्यानं हसले. "आवं, माझी बी तीच की!" मग रांगेकडं वळून ओरडले, "एक जूनवाले हात वर करा रे!"

हात वर झाले. सगळ्या मोंढ्यात. "माझी बी!" "माझी बी हाय!" "ह्याची बी, माझी बी, आमचा गुरुजी एकच व्हता!" लग्नाच्या मांडवात पाहुण्यांची ओळख निघावी तसा आनंद. म्हाताऱ्यानं मला विचारलं, "सायेब, तुमची?" मी पण हात वर केला. उन्हात ते सगळे हात, पिवळ्या धुळीतून वर आलेले, आणि मध्ये तो गोल फिरतच राहिलेला. इतकी सुंदर गोष्ट मी फार थोडी पाहिली आहे, आणि ती पाहताना पल्लवीच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही. ती हात वर न केलेली एकटीच होती. वरची मंडळी खुर्च्यांवरून उठून गाडीकडं निघाली होती.

दुरुस्ती किरकोळ निघाली. पल्लवीनं वाटपाची रीत बदलली, नोंदींना आमचेच क्रमांक दिले, आणि परत खोटी माणसं तयार केली. या वेळी सगळी एक जूनची. सोडली दारावर. पाचही रेघा पुन्हा अंगाला अंग लावून झोपल्या. मी लातूरला फोन लावला.

"तुमचं काम चांगलं हाय, त्यात वादच न्हाई," सचिव म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. "पण वरच्यांनी डोळ्यांनी बघितलं ना ते फिरताना. पुण्याची पार्टी ठरली, सायेब. माझ्या हातात काही न्हाई."

"एवढं सांगा त्यांना," मी म्हटलं, "जन्मतारखेवर वाटू नका म्हणावं."

"हाव, सांगतो की." त्यांनी सांगितलंही असणार. यंदा नोंदणी सुरळीत चालली आहे. परवाच आमच्या गावाकडच्या एकाचा फोन आला, एका झटक्यात झालं म्हणून. मी बरं झालं म्हटलं. मनापासून म्हटलं की नाही, ते तपासायला मी गेलो नाही.

पल्लवीनं पुण्यातल्या एका नोकरीला होकार कळवला तेव्हा शेतं रिकामी झाली होती. जायच्या आधी तिनं मला शिकवायला बसवलं. आक्काची खाट मध्ये, एका बाजूला ती, एका बाजूला मी. "मामा, 'अं' लांब ओढला की पाणी. 'ब्वा' म्हणली की उशी सरकवायची. 'ब्वा' दोनदा म्हणली तर उशी नाही, शेजारच्या काकूंना बोलवायचंय." मी म्हणून बघायचो, आक्का हसायची. निम्मा चेहरा हसायचा. "आई म्हणतीय, तुमचं इंग्रजी असंच होतं."

"तू नसताना हे कसं कळणार मला?"

"कळंल हळूहळू," ती म्हणाली आणि बॅगेची चेन लावायला लागली. ती चेन अडकतच होती. कितीतरी वेळ पल्लवी खाली बघून ती ओढत राहिली.

स्टँडवर तिला सोडून परत आलो तेव्हा आक्का दाराकडं तोंड करून बसली होती. तिनं काहीतरी विचारलं. मी पाणी दिलं. पाणी नको होतं.

आता दिवसभर एक बाई असते तिच्याजवळ, भली आहे, तिलाही पाणी आणि उशी कळते. रविवारी मी जातो. त्या न मिटणाऱ्या खिडकीतून भुसा खात अहमदपूरला उतरतो, मोबाईल भिंतीला टेकवून ठेवतो आणि पल्लवीला लावतो. सुरुवातीला तिला कळायचं आईचं बोलणं. पण फोनमधून तो आवाज तुटतो, आधीच हाडं नसलेला, त्यात मधले तुकडे गळतात. आक्काचा आवाजही दिवसेंदिवस उतरत चाललाय. आता पल्लवी मला विचारते.

गेल्या रविवारी आक्का जास्तच तरतरीत होती. मुलगी पडद्यावर दिसल्यावर तिनं डावा हात वर केला आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्येच माझ्याकडं बोट केलं. डोळ्यांत ती जुनी चमक होती. काहीतरी चावट असणार, माझ्याबद्दलच असणार. कदाचित भुसा, कदाचित टक्कल, कदाचित कुणाच्या तरी लग्नातली जुनी फजिती. बोलून झाल्यावर ती थांबली आणि आम्ही दोघं हसायची वाट बघत राहिली.

"काय म्हणाली, मामा?" पडद्यातून पल्लवीनं विचारलं.

मी आक्काकडं बघितलं. बाहेर ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत मला वेळ होता.

"जेवलीस का, म्हणायलीय."

आक्कानं मान हलवली. जोरात, नाही म्हणून. परत बोलली, या वेळी सावकाश, एकेक आवाज वेगळा काढत, कमी ऐकू येणाऱ्याशी बोलतात तसं.

"मामा?"

"तेच गं. जेवलीस का."

"हाव आई," पल्लवी पडद्याच्या जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "जेवले. वरण-भात केला होता."

आक्काचा हात अजून वरच होता. तो तिनं हळूच खाली घेतला, गोधडीवर ठेवला, आणि हो म्हणून मान डोलावली.